अर्धा इंची नळी

२ फेब्रुवारी १९५७
पेट्रोलच्या नळीविषयी बोललेलं ऐकून घेणारं घरात कोणी उरलं नाही, म्हणून लिहिते आहे. नणंद प्रेमला काल हसनाबादला चुलतभावाकडे गेली. हवापालट. मीच सुचवणार होते.

३ फेब्रुवारी
वाटूरला शंकरपट आहे. बैलजोड्या पळून झाल्या की बाजूच्या सडकेवर मोटारी पळणार. सरळ एक फर्लांग. पट भरवणाऱ्या काकासाहेबांची लिलावातली लष्करी जीप, आणि ह्यांच्या मागे राहिलेली आमची फोर्ड. हरेल त्यानं गाडी द्यायची. आठ सिलिंडर, पण नळी पाव इंची! हत्तीला पोपटाच्या वाटीतून पाणी. कॉलेजात फिजिक्स उगाच घेतलं नव्हतं. नळी दुप्पट रुंद, तर पेट्रोल चौपट. पेट्रोल चौपट, तर वेग चौपट. म्हणजे ताशी दोनशे मैल.
काकासाहेबांना निरोप धाडला: पुढच्या पुलापर्यंत गुरं बांधून ठेवावीत.

५ फेब्रुवारी
मस्तगडच्या बद्रीनाथ मिस्त्रीने अर्धा इंची तांब्याची नळी बसवली. पंपाची कटकट नको म्हणून पेट्रोलचा डबा गाडीतच, शेजारच्या सीटच्या जागी, उंचावर. सीट त्यालाच देऊन टाकली. फुकटचं ओझं. प्रेमलाताई कुठं बसतील, असं त्यानं विचारलं. म्हटलं, शर्यतीत बडबड चालत नाही.
प्रेमलानंही हेच विचारलं होतं. नंतर तिनं बॅग भरली. दोन्हींचा संबंध नाही.

८ फेब्रुवारी
चाचणी. इंजिन काळा धूर ओकून बंद पडलं. सवय नाही. शाळेतल्या मुलींनाही पहिल्या दिवशी बीजगणित येत नसे. बद्रीनाथ म्हणाला, "बिलकुल बराबर, बाई. माझ्याबी मनात मोठीच नळी होती." तो काहीही म्हटलं तरी हेच म्हणतो.

१० फेब्रुवारी
घरात शांतता. कामं भराभर उरकतात. चहा दोन कप केला, एक पुन्हा पातेल्यात ओतला.
हसनाबादला कार्ड टाकलं: सतराला वाटूरला येऊ नकोस, धूळ फार असते. शर्यत दुपारी चारला आहे.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ
जीप गेली. फोर्ड जागेवरच. चौपट पेट्रोल कार्बुरेटरमधून सडकेवर वाहिलं, लोक बिड्या विझवत पळाले. शेवटी पट जिंकलेल्या मच्छिंद्रनं आपली बैलजोडी गाडीला जुंपली आणि रेषेपार नेली. काकासाहेब ओरडले, "बाई, बैलाला मैलाला किती पेट्रोल लागतं?"
प्रेमला आली होती. बॅग घेऊन. गाडीचं दार उघडून डब्याकडे पाहत राहिली. "वहिनी, मंग मी कुठं बसू?" मी म्हटलं, नळीत दोष नाही, सडकेला चढ होता. तिनं बॅग उचलली. मग हसनाबादकडची लॉरी मिळते का पाहायला गेली.
चढ होताच.

२० फेब्रुवारी
काकासाहेबांच्या माणसाकडे दिलं: फोर्ड, चावी, डबा, अर्धा इंची नळी तीन हात.
बद्रीनाथकडून परत घेतलं: सीट, एक. दुकानापुढे गिऱ्हाइकांना बसायला ठेवली होती. फटीत प्रेमलाची अर्धी सुपारी. सुपारी तशीच राहू दिली. सीट पुढच्या खोलीत माझ्या खुर्चीशेजारी लावली, खिडकीच्या बाजूला.