बॅगेत काय होतं

दि. २१ डिसेंबर

ताईस नमस्कार. दाजींना नमस्कार. चिमणीला एक गालगुच्चा.

पण मला एक सांग, दोन वर्षं झाली तरी तू त्या बॅगेचा पिच्छा का सोडत नाहीस? चार ओळींचं पत्र, त्यातल्या तीन ओळी बॅगेच्या. "एवढी थोरली बॅग घेऊन आलास, चार दिवस कुलूप काढलं नाहीस, पोरीला साधी रिबीन दिली नाहीस. कुणासाठी होतं ते सामान? कोण होती ती? खरं सांगितल्याशिवाय या दाराशी येऊ नकोस."

कुणी नव्हती गं. फोनवर सांगायला गेलो की तू "पुरे" म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसलोय. सहावीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, कोंबडी नाचल्यासारखं, तेवढं चालवून घे. बॅगेचं सांगतो. आधी इथलं सांगतो.

नोकरी बदलली. तू कपाळाला हात लावशील, पण ही चौथी बरी आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात त्या बसस्थानकावर सामानाचा वजनकाटा माझ्याकडे आहे. माणशी पंधरा किलो फुकट, वरच्या प्रत्येक किलोला पैसे. माणूस बॅग ठेवतो, मी आकडा ओरडतो, खिडकीतल्या बाई पावती फाडतात. काम एवढंच. पण सुट्ट्यांच्या दिवसांत रोज फुकटचं नाटक बघायला मिळतं.

गाड्यांची भाडी दुप्पट झाली की माणसं पैसे कुठं कुठं वाचवतात, तुला खरं वाटणार नाही. काल एक बाई आल्या, अंगात चार स्वेटर, वर कोट, हात खाली येत नव्हते. मी म्हटलं, "मावशी, उकडत नाही?" तर म्हणाल्या, "गाडी सुटली की एकेक काढीन. तू आकडा सांग." बॅग बरोब्बर पंधरा! एका काकांनी कोटाच्या आत इस्त्री लपवली होती. वाकले तर टोक बाहेर. म्हटलं, "काका, पोट टोकदार झालंय." ते म्हणतात, "गॅस आहे." मी जाऊ दिलं.

माझी खोड तुला ठाऊक आहे. तुझं घड्याळ आत काय आहे बघायला उघडलं होतं आणि मार खाल्ला होता, तोच मी. इथं प्रत्येकाला विचारतो, आत काय नेताय? मुकादम ओरडतो, "तू काटा बघ, लोकांचे संसार बघू नकोस." पण राहवत नाही. साबण नेतात, बिस्किटं नेतात, बादल्यासुद्धा नेतात. म्हटलं, हे तिकडं मिळत नाही का? मिळतं, म्हणे, पण तिकडचं तिकडचंच वाटतं. आता तर बॅग नुसती उचलली तरी आतलं कळतं. डबे खडखडतात, कपडे गप्प असतात, पुस्तकं तळाशी बसतात.

म्हणूनच परवा दुपारी ती बॅग उचलली आणि मी थबकलो.

रंगारी होता. नखांच्या कडेला पांढरा रंग, वय दाजींएवढं. अठ्ठावीस किलो. म्हणजे तेरा किलोंचे पैसे. मी म्हटलं, "दादा, पुस्तकं आहेत का?" तो म्हणाला, "तुला काय करायचंय? आकडा सांग." पैसे मोजायला लागला तर खिशातली चिल्लरसुद्धा काढावी लागली. मला चैन पडेना. रांग सरली तसा त्याच्या बाकाजवळ गेलो आणि हळूच विचारलं, "जुनी वर्तमानपत्रं आहेत ना?"

ताई, त्याचा चेहरा असा उतरला! आधी मला शिवी दिली. मग चेन थोडी उघडून दाखवली. वर एक शर्ट, खाली गठ्ठेच गठ्ठे.

"वर्षभर काम मिळालं नाही नीट," म्हणाला. "पण हलकी बॅग घेऊन उतरायचं कसं? लोक आधी बॅगेकडे बघतात, मग तोंडाकडे."

"उतरवून घ्यायला कोण येतं?"

"बाप येतो. ऐकत नाही. स्वतःच उचलतो."

मग मी त्याच्या शेजारी बसलो आणि त्याला ते सांगितलं जे तुला दोन वर्षांत सांगितलं नाही. परक्या माणसाला सांगायला सोपं गेलं. आता तुला सांगतो.

तेव्हा मी फरश्यांच्या गोदामात होतो. हमालच होतो, मुख्य वगैरे काही नव्हतो, ती थाप होती. घरी यायच्या आधी आठ दिवस बाजारात सुट्टीचा सेल लागला. ती बॅग अर्ध्या किमतीला होती. चाकं, कुलूप, चकचकीत. मला वाटलं, केवढे पैसे वाचले! अर्धे वाचले खरे. पण दिले ते अर्धे म्हणजे माझ्याजवळचे सगळेच होते. बॅग आली आणि तिच्यात घालायला रिबिनीचेसुद्धा पैसे उरले नाहीत. रिकामी बॅग हातात खुळखुळ्यासारखी हलायची. मग गोदामामागच्या ढिगातले फरश्यांचे फुटके तुकडे गोळा केले, कागदात गुंडाळले आणि भरले. निळे होते सगळे.

हो ताई. तेच निळे. खाली मागच्या बाजूला, कपडे धुवायच्या दगडाजवळ चिखल व्हायचा, तिथं तू बसवलेस ते. निघायच्या आदल्या पहाटे मी ते भिंतीपाशी ओतले. तू चिमणीकडून लिहवून घेतलंस, "कुणी बांधकामवाले छान तुकडे टाकून गेले, माझे पाय आता कोरडे राहतात." ते पत्र मी जपून ठेवलंय. बॅगेतलं सगळं तुझ्याकडेच आहे. रोज त्यावर उभी राहतेस.

आता जे राहिलं ते.

थांब्यावर दाजी आले होते. मी नको म्हटलं, पण जोरानं म्हटलं नाही. जोरानं म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं. रस्ता खडबडीत, चाकं चालेनात, तेव्हा त्यांनी बॅग खांद्यावर घेतली. वर तीन जिने. दुसऱ्या जिन्यावर थांबून हसले आणि म्हणाले, "साल्या, आमच्यासाठी एवढं आणलंस?" मी हसलो, ताई. मी पण हसलो.

पाठ धरली ती तिसऱ्या जिन्यावर. रंधा धरणारा माणूस आडवा पडला. मी चौथ्या दिवशी गाडीत बसलो आणि तू एकटी राहिलीस. एकोणीस दिवस ते कामाला गेले नाहीत, हे मला चिमणीच्या पत्रातून कळलं. तिनं सहज लिहिलं होतं, "बाबा एकोणीस दिवस घरी, मज्जा." फरश्यांच्या तुकड्यांपायी.

रंगाऱ्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "तू माझी सुट्टी नासवलीस," आणि तिथंच बसून गठ्ठे बाहेर काढायला लागला. बॅग परत काट्यावर ठेवली, सहा किलो. मी खिडकीतल्या बाईंची विनवणी करून त्याचे पैसे परत मिळवले, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. तो गाडीत चढला तेव्हा बॅग दोन बोटांत होती. मागं वळून बघितलं नाही. उतरल्यावर त्याच्या बापानं काय केलं असेल, ते परवापासून मला खातंय. कधी कळणार नाही.

या सुट्टीत मी येत नाही. दुप्पट भाडं वाचतं आणि या दिवसांत काट्यावर दोन पाळ्या मिळतात. दोन्ही पाळ्या करतोय. जानेवारीत गाड्या रिकाम्या धावतात, भाडं उतरतं. तेव्हा येईन. तू ये म्हणालीस तर. खांद्याला एक पिशवी असेल, आत माझे दोन शर्ट आणि चिमणीची रिबीन. थांब्यावर कुणी यायचं नाही.

हे पत्र दाजींना वाचून दाखव. मला धीर होत नाही. दुसऱ्या जिन्यावरचं मात्र दोनदा वाच.

तुझा, अजून दाराबाहेर उभा असलेला,
धाकटा

सोबत पाठवतोय ते उपकार म्हणून नाही. दाजींची तेव्हाची मजुरी आहे, रोजचे दोनशे चाळीस, दिवस एकोणीस : चार हजार पाचशे साठ.