तुझा राहिलेला गुरुवार

प्रिय शालन,

परवा तुझ्या वर्षश्राद्धाला भजनी मंडळातल्या बायका आल्या होत्या. निघताना कुसुमताई दारात थांबल्या आणि एक गोष्ट सांगून गेल्या. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. म्हणून हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी सावेडीतल्या या घराचं काम निघालं होतं, आठवतं? स्वयंपाकाचा ओटा फोडलेला, हॉलमधली फरशी उखडलेली, कोपऱ्यात वाळूचा ढीग. नेमका तेव्हाच मंडळाचा गुरुवार आपल्याकडे आला. वर्षातून एकदा प्रत्येकीच्या घरी भजन, आणि ठरलेला वार बदलायचा नाही, हा तुमचा नियम. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात घे. तू म्हणालीस, "बायका भजनाला येणारेत, फरशी बघायला नाही."

तू वाळू सारखी करून तिच्यावर सतरंजी अंथरलीस. देवाचा पाट मांडलास. गॅस न्हाणीघरापुढच्या बोळात नेऊन पंचवीस जणींची साबुदाण्याची खिचडी केलीस.

चार वाजले, पाच वाजले. तू दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलीस. शेवटी मागच्या खोलीत काम करणाऱ्या गवंड्यांना खिचडी वाढलीस. त्यातला एकजण म्हणाला, "काकू, एवढी खिचडी? पाव्हने येनार हुते का?"

"तुम्हीच पाहुणे," तू म्हणालीस.

बायका येणार कशा? सकाळीच मी कुसुमताईंना फोन केला होता. घरात बसायला जागा नाही, यंदा राहू द्या, बाकीच्यांना तुम्ही कळवा, शालनला मी सांगतो, तिच्याशी तुम्ही काही बोलू नका. आणि मग तुला सांगायचं धाडस झालं नाही. खरं सांगू? जागेचं निमित्त होतं. आमच्या साहेबांच्या मिसेस तुमच्या मंडळात होत्या. त्यांना त्या वाळूवर बसवायची मला लाज वाटली.

एवढंच असतं तर एक वेळ स्वतःला माफ केलं असतं. पण संध्याकाळी वर मीच म्हणालो, "बघ तुझ्या मैत्रिणी. एकीला तरी यावंसं वाटलं का?" तू सतरंजी झटकलीस, नीट घडी घातलीस. पुन्हा भजनाला गेली नाहीस. आणि मी चारचौघांत सांगत फिरलो की बायकांनी तिचं मन मोडलं.

परवा कुसुमताई म्हणाल्या, "भाऊ, शालनला दुसऱ्याच दिवशी समदं कळालं हुतं. घरी येऊन तिनं इचारलं. तोंडावर खोटं कसं बोलू मी? म्हनली, त्यांना सांगू नका मला कळालंय म्हनून. आन् म्हनली, माज्याच घरात मला चार बायका बोलवता येत न्हाईत, मग तुमच्याकडं कुठल्या तोंडानं येऊ?"

सगळं माहीत असताना तू माझा चहा करत राहिलीस? मी बायकांना नावं ठेवायचो तेव्हा समोर बसून निमूट मेथी निवडायचीस? एकदा तरी भांडायचं होतंस. दोन वर्षं, शालन! मला वाचवत होतीस, की मी कधी तोंड उघडतो याची वाट बघत होतीस? आता कुणाला विचारू?

फरशी शेवटी मी निवडली तीच बसली, पांढरी. तिच्यावर पहिल्यांदा सतरंजी अंथरली ती तुझ्या दहाव्याला.

येता गुरुवार तुझा आहे, तेव्हा राहिलेला. नको म्हणायला मला एक फोन पुरला होता. बोलवायला पंचवीस करणार आहे, एकेकीला वेगळा, साहेबांच्या मिसेसनाही. त्या दिवशी काय झालं ते आधी सांगणार, मग या म्हणणार. खिचडी मीच करेन, जमेल तशी. आणि कुणीच आलं नाही, तर पाच वाजेपर्यंत फाटकात उभा राहीन.

तुझा,
अशोक