मन वळवणं: अधिक नऊ

२ मार्च, शनिवार
संकल्प: खेळातल्या टोळीचं नेतृत्व शांतपणे आपल्याकडे घ्यायचं. आवाज न चढवता.
दर शनिवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर खेळ असतो. मास्तर (चष्म्याचं दुकान) गोष्ट सांगतो, आम्ही त्यातली पात्रं होतो. डाव जमला की फसला, ते वीस बाजूंचा फासा सांगतो. माझा राजदूत. मन वळवणं अधिक नऊ, म्हणजे फाशावर काहीही पडो, वर नऊ माझे. बायकोच्या लढवय्या बाईचं उणे एक. मेहुण्याच्या वाटाड्याचं शून्य. यावर बोलायलाच नको.
आठवडाभर लिफ्ट कंपनीच्या तक्रार खात्यात फोनवर लोकांची समजूत काढतो. एकाचीही निघत नाही. शनिवारी तरी निघावी. थकलोय.

९ मार्च, शनिवार
दलदलीतून जायचं की डोंगरावरून? मेहुणा म्हणाला डोंगरावरून, दलदलीत खेचर बुडेल. खेचर त्याच्या वाटाड्याचं. त्याचं चित्रसुद्धा काढलंय त्याने, कानांसकट.
मी वाद घातला नाही. फासा टाकला. सतरा आणि नऊ, सव्वीस. म्हटलं, झालं, वळलं तुझं मन. तो म्हणाला, दाजी, माझं कुठे वळलंय? म्हटलं, तुझं नाही रे, वाटाड्याचं. तर म्हणे, वाटाड्या म्हणजे मीच ना.
मास्तर काच पुसत म्हणाला, हे फासे पहारेकऱ्यांवर, दुकानदारांवर चालतात. आपापसात नाही. ज्याचं पात्र, त्याचं मन. हा नियम कुठून उगवला? बायको म्हणते, पहिल्याच दिवशी सांगितला होता. तेव्हा मी चहा करत होतो. (तिचं म्हणणं, चहा तिने केला होता.)
शेवटी मेहुणाच म्हणाला, बरं, चला दलदलीतून. म्हणजे सव्वीस लागू पडलेच!
खेचर बुडालं. मेहुणा नंतर गप्प होता. नोकरी सुटल्यापासून तसा गप्पच असतो.

१४ मार्च, गुरुवार
रजा मागायला साहेबांकडे गेलो. आधी टेबलाखाली हळूच फासा टाकला. घरंगळत थेट साहेबांच्या बुटाशी. ही खेळी धरायची नाही. रजा नाही.

१६ मार्च, शनिवार
खेचर नाही, तर सामान कोण उचलणार? मी म्हटलं, वाटाड्या. तो नाही म्हणाला. गोडीने ऐकत नाही म्हटल्यावर नाइलाज. दरडावणं. वरचे धरून तेवीस!
मास्तर म्हणाला, परत तेच. दातांची डॉक्टरीण (आमच्यातली जादूगारीण) म्हणाली, अहो, पुरे आता. मेहुणा म्हणाला, वाटाड्या टोळी सोडून चाललाय. वाटाड्याचा कागद घडी करून खिशात घातला आणि चहा न घेता निघून गेला. सगळ्यांसाठी आणलेला शेंगदाण्यांचा डबा इथेच राहिला.
काय अभिनय! पोरगं पात्रात पार शिरलंय. पुढच्या शनिवारी नाट्यमय पुनरागमन, लिहून ठेवतो.

२३ मार्च, शनिवार
आला नाही. वाटाड्या नसल्याने टोळी तीन तास एकाच झाडाभोवती फिरली. मी रिकाम्या खुर्चीकडे बघून मन वळवणं टाकलं. चोवीस. मास्तरने विचारलं, कोणाचं? बायको उठून कपबशा आवरायला लागली.
डॉक्टरीणबाईंना पुढच्या आठवड्यात पेशंट आहेत म्हणे. शनिवारी संध्याकाळी?

२४ मार्च, रविवार
बायको एकदाची बोलली. तो येणार नाही. नोकरी गेल्यापासून जो तो त्याला शहाणपण शिकवतो, हे कर, ते करू नको. शनिवारी चार तास तो स्वतःच्या मनाचा मालक असायचा. तेवढंही तू ठेवलं नाहीस. त्याला नुसतं ये म्हण, येईल.
मी समजावलं की नुसत्या ये ला वरचे नऊ मिळत नाहीत. ती कपडे वाळत घालायला गेली. पालथ्या घड्यावर पाणी.
शेंगदाणे मऊ पडलेत. टाकवत नाहीत. आठवण येते त्याची, खोटं कशाला बोलू.

३० मार्च, शनिवार
सकाळीच फोन करायचं ठरवलं. आधी फासा. वीस! आणि नऊ, एकोणतीस. इतके आयुष्यात कधी पडले नव्हते. त्याच भरात नंबर लावला.
त्याने पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाला, बोला दाजी. सगळं पाठ होतं. मास्तर खेचर परत आणायला तयार आहे, माझं चुकलं, तुझ्याशिवाय टेबल ओकंबोकं वाटतं, ये.
म्हणालो, तुझा डबा राहिलाय इकडे.
तो म्हणाला, असू दे.
मग दोघंही नुसते फोन धरून. त्यानेही ठेवला नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून ऑफिसच्या सवयीने तोंडून गेलं, आपली तक्रार नोंदवली आहे, आमचा माणूस निघाला आहे. तो म्हणाला, बरं. आणि ठेवला.
संध्याकाळी कोणी आलं नाही. टेबलावर आम्ही दोघंच जेवलो.
पण वीस पडले होते. बघायला कोणी नव्हतं, एवढंच.