तारेचे यंत्र, जाते आणि खुंटा

ज्या यंत्रातून आता आवाजच निघत नाही, ते आपल्याजवळ असावे असे माणसाला इतके का वाटते? या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. मृत्युपत्राची सुरुवात प्रश्नाने करू नये, असे आमचे वकील आबासाहेब काकडे यांनी बजावले आहे. पण इतर वस्तूंची वाटणी मी तोंडी सांगितली असती. लिहायला बसले ती या यंत्रामुळे, म्हणून प्रश्न आधी.

मी, पुष्पावती सहादेव वाबळे, वय वर्षे चोवीस, माध्यमिक शाळेत शिक्षिका, राहणार मौजे पिंपळदरा, तालुका शेवगाव, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. लहानपणीच्या सांधेतापामुळे माझ्या हृदयाची एक झडप आकसली आहे. येत्या आठवड्यात पुण्याला तिची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी धोका झाकून ठेवला नाही. निर्णय माझा आहे. काही बरेवाईट झाले तर डॉक्टरांना किंवा दवाखान्याला कोणी बोल लावू नये. माझी आई चांगुणाबाई हिला मी सगळे सांगितले आहे. ती म्हणाली, "मग लिहून ठिव. लिहिलं म्हंजी मरतंच आसं थोडंच हाय."

१) शेतजमीन. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पश्चात जमिनीत माझा जो हिस्सा येतो तो मी माझा धाकटा भाऊ मच्छिंद्र याला देते. अट एकच. सातबाऱ्यावर आईचे नाव लागले पाहिजे. तलाठी म्हणतील, मुलगा असताना बाईचे नाव कशाला. त्यांना हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. तरीही ऐकले नाही तर आईलाच त्यांच्यासमोर नेऊन बसवावे. ती उठणार नाही.

२) पुस्तके. सर्व पुस्तके शाळेला द्यावीत, मात्र कपाटाला कुलूप लावू नये. मुलींनी फाडली तरी चालतील, न वाचलेली चालणार नाहीत. त्यात एक जाड शब्दकोश आहे. तो मला नगरच्या कॉलेजात बक्षीस म्हणून मिळाला. ज्या प्राध्यापकांच्या हस्ते मिळाला त्यांनीच वर्गात जात्यावरच्या ओव्यांना "अडाणी बायकांची बडबड" म्हटले होते आणि सगळा वर्ग हसला होता. त्यांना मी माफ केलेले नाही. शब्दकोश चांगला आहे.

३) घड्याळ. मनगटी घड्याळ मच्छिंद्रला. तो नागापूरच्या कारखान्यात पाळीवर रोज उशिरा पोहोचतो आणि दोष एस.टी.ला देतो.

४) माझ्यामागे तेराव्याचे जेवण घालू नये. दुष्काळाचे वर्ष आहे. जे धान्य लागले असते ते खडी फोडण्याच्या कामावर जाणाऱ्या आमच्या आळीतल्या बायकांना द्यावे. भावकीने नाक मुरडले तर माझे नाव सांगावे. आता मला कोण काय करणार आहे.

५) यंत्र. हे कलम लांबेल.

आप्पा शेती सांभाळून जत्रांमध्ये एक यंत्र घेऊन फिरत. नगरला लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा त्यांनी ते घेतले होते. लोखंडी पेटी, वर दोन रिळे, आणि एका रिळावरून दुसऱ्यावर जाणारी केसासारखी बारीक पोलादी तार. माईकमध्ये बोलले की आवाज तारेवर उमटे. तार मागे गुंडाळून पुन्हा सोडली की तोच आवाज कर्ण्यातून ऐकू येई. पुढच्या माणसाचा आवाज त्याच तारेवर घ्यायचा, म्हणजे आधीचा पुसला जाई. लोक मला विचारतात, त्यात आप्पांचा आवाज आहे का? नाही. शेवटी त्यात कोण गायले हेही कोणाला आठवत नाही.

"आपलाच आवाज ऐका," अशी आरोळी गोरक्षनाथकाका ठोकत. ते मिरजगावचे, आप्पांचे मित्र आणि भागीदार. पुरुष येत, खाकरत, नाव-गाव सांगत आणि ते ऐकून मिशीवर हात फिरवीत जात. बायका मात्र माईकसमोर पदर तोंडात धरून उभ्या राहत. घरी पहाटे ओवीमागून ओवी म्हणणारी बाई तिथे एक शब्द काढीना. तोडगा आईने काढला. "हात रिकामं आसल्यावर ववी कुठनं येईल? माझं जातं घिऊन जा," ती म्हणाली. तिच्या माहेरचे जाते तेव्हापासून यंत्राबरोबर जत्रेला जाऊ लागले.

घरघर कमी यावी म्हणून जात्याखाली पोती अंथरत. काका माईक हातात धरून बाईच्या तोंडाशी नेत. जाते रिकामे फिरवायचे नाही, म्हणून प्रत्येकीने मूठभर धान्य आणायचे. ते जात्याच्या तोंडात टाकण्याचे काम माझे. बाईने खुंट्याला हात घातला, जाते जरा फिरले, की ओवी आपली आपण सुरू होई. कोणाची ज्वारी, कोणाची बाजरी, कोणाचे हुलगे. संध्याकाळी त्या सगळ्या पिठाच्या आई भाकरी थापी. तशी भाकरी मला पुन्हा कुठे मिळाली नाही.

मढीच्या जत्रेत एका बाईने स्वतःचा आवाज ऐकला आणि मागे वळून विचारले, "ही कोन भवानी?" कडूबाई नावाची एक म्हातारी मात्र ऐकता ऐकता कर्ण्याजवळ सरकली. मग म्हणाली, "ह्यो माझा आवाज न्हाई. माझी आई हाय ही." आप्पांनी रांगेतल्या बायकांना थांबवले आणि तिला पुन्हा पुन्हा ऐकवले. शेवटी पुसण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी तिची परवानगी विचारली. ती म्हणाली, "पूस बाबा. भेट झाली."

तार अधूनमधून तुटे. मग आप्पा तिची गाठ मारत, आणि ती गाठ आली की गाण्यात बारीकसा 'टक्' आवाज येई. कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या घरी मी नवा टेपरेकॉर्डर पाहिला. आवाज इतका स्वच्छ की समोर बसून कोणी गाते आहे असे वाटावे. मी सगळा वेळ त्या 'टक्'ची वाट पाहत होते. तेव्हापासून मला आमचे यंत्र हवे होते. पण ते आमच्या घरी नव्हते.

मी तेरा वर्षांची असताना काका आप्पांना म्हणाले की आता कर्णे आणि सिनेमाच्या तबकड्या घेऊ, लोकांना स्वतःचा आवाज ऐकून कंटाळा आला. आप्पा म्हणाले, "तुला आला आसंल." मढीलाच दोघे वेगळे झाले. वाटणी अशी झालीच नाही. यंत्र काकांच्या गाडीत होते, ते मिरजगावला गेले. जाते आमच्या गाडीत होते, ते आमच्याकडे राहिले. पुढे आप्पा विषमज्वराने वारले. काका दहाव्याला आले तेव्हा आईने त्यांना पाणीही विचारले नाही. "माझ्या मालकाचं यंत्र दाबून ठिवलं आन् आता रडाया आला," असे ती सगळ्यांदेखत म्हणाली. काका तसेच उठून गेले. नंतर ते कधी आले नाहीत.

मागल्या दिवाळीच्या सुटीत मी मिरजगावला गेले. मनात भांडणाची सगळी तयारी होती. दारात काका होते, केस पांढरे.

"कोन गं तू?"

"सहादेव वाबळ्यांची पुष्पा."

"जत्रंत पिठात झोपायची ती?"

मी हो म्हणाले आणि भांडण तिथेच राहिले. यंत्र त्यांच्या बाजेवर होते, घोंगडीखाली. काका स्वतः खाली सतरंजीवर झोपत. पेटीला गंजाचा ठिपका नव्हता. तिच्यातले काचेचे दिवे, म्हणजे व्हॉल्व्ह, मात्र केव्हाच गेलेले आणि तसे आता मिळत नाहीत.

"घिऊन जा," ते म्हणाले. "मी निस्ती राखन करीत हुतो. द्यायला दोनदा निघाल्तो."

"मग आला का नाहीत?"

"वैनी पानी दील का न्हाई, हे ठरना." मग त्यांनी विचारले, "जातं हाय का आजून?"

"आहे. आई रेशनची तांबडी मिलो ज्वारी दळते त्यावर."

"फिरतंय ना. मग झालं."

यंत्र मी घरी आणले, माझ्या खाटेपाशी स्टुलावर ठेवले. शाळेतून आले की त्यावर हात ठेवून बसत असे. मच्छिंद्र म्हणाला, "आक्का, मोडीत घाल. तांबं तरी निघंल." मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. आता बोलते आहे.

पुढे एका रविवारी काका आले. झाकणाचे स्क्रू द्यायचे राहिले होते, ते घेऊन. यंत्रासमोर बसले, स्क्रू पिळले, गेले. संक्रांतीच्या सुमारास पुन्हा आले, या वेळी माईक घेऊन. आई आतून म्हणाली, "भावजी, समदं येकदम का न्हाई आनलं?"

"ध्यानात न्हाई राह्यलं, वैनी."

"बाजंवर घिऊन झोपत हुता आन् ध्यानात न्हाई व्हय," आई म्हणाली. पण त्या दिवशी तिने तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवले. काकांनी ते सगळे पिऊन टाकले.

मिरजगावहून आमच्या गावापर्यंत गाड्या बदलत यायचे म्हणजे दिवस मोडतो. गेल्या रविवारी ते तारेची रिळे घेऊन आले. ती बसवली, एकेका गाठीवरून बोट फिरवीत बसले. निघताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता काय राह्यलं न्हाई माझ्याकडं. समदं आलं."

ते एस.टी.च्या थांब्याकडे गेले आणि माझ्या लक्षात आले की आता त्यांना आमच्या घरी यायला काहीच कारण उरलेले नाही. मला हे यंत्र का हवे ते जसे सांगता येत नाही, तसेच त्यांनाही सांगता येत नसणार. फरक इतकाच की मी त्यांच्याकडे जाऊन ते मागू शकले. त्यांना ते मागता येत नव्हते, कारण ते दुसऱ्याचे आहे असे समजूनच त्यांनी ते इतकी वर्षे घासूनपुसून जपले होते.

मी आबासाहेबांना म्हणाले, यंत्र गोरक्षनाथकाकांना द्यायचे असे लिहिते, आणि साक्षीदारही त्यांनाच करायचे आहे. आबासाहेब म्हणाले, "बाई, ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याला साक्षीला घेऊ नये. एक काहीतरी ठरवा." मी घरी येऊन विचार केला. काकांना ते यंत्र माझ्या मरणाने मिळावे, हे बरे नव्हे. आणि मी जगले, तर त्यांनी माझ्या मरणाची वाट पाहावी की काय?

मी आईला सांगितले. ती चुलीपुढे होती. तिने जळते लाकूड आत सारले. मग म्हणाली, "आन् जात्याबिगर काय करतील ते त्या पेटीचं?"

"जाते तुझे आहे. तुझ्या माहेरचे."

"मला ठावं हाय कुनाचं हाय ते. मिलोनं बाटलंय आधीच. मी गिरनीत टाकीन माझं दळान."

शुक्रवारी मच्छिंद्रने ओळखीचा टेम्पो आणला. "भंगाराला टेम्पो लागतोय, ऐका," असे शेजाऱ्यांना सांगत त्याने यंत्र स्वतःच्या अंगावर घेतले आणि अलगद ठेवले, खाली दोन पोती घालून. जाते आईने कोणाला उचलू दिले नाही. एक एक तळी स्वतः टेम्पोपर्यंत लोटत नेली. वरची तळी बसवल्यावर तिने कनवटीची मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात टाकली. जाते रिकामे जाऊ नये म्हणून. मच्छिंद्र सगळे मिरजगावला पोहोचवून आला. काका काय म्हणाले, असे मी विचारले. "काय न्हाई. मला जेवाय घातलं," तो म्हणाला.

तारेच्या टोकाशी आप्पांनी मारलेली एक गाठ होती. तेवढा बोटभर तुकडा मी गेल्या रविवारीच काकांना विचारून तोडून घेतला आहे. तो पुण्याला बरोबर नेत आहे. त्याचे काय करायचे ते परत आल्यावर ठरवीन.

आज काका साक्षीला आले आहेत. आईने त्यांना गुळाचा चहा दिला. चहा संपल्यावर ते म्हणाले, "वैनी, जात्याचा खुंटा न्हाई आला."

"व्हय का? हितंच राह्यला आसंल," आई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. "हुडकते." पण ती जागची हलली नाही. जराशाने म्हणाली, "सापडना. पुढल्या खेपंला बघू."

"कधी येऊ?"

"पोरगी पुन्याहून आली म्हंजी या."

काकांनी मान डोलावली. खुंटा फळीवर, हळदीच्या डब्यामागे आहे. मी लिहिते आहे तिथून दिसतो. काकांनाही दिसला असावा.

सबब, तारेचे यंत्र मी शुक्रवारीच गोरक्षनाथकाकांच्या स्वाधीन केले आहे. ते माझ्या मालकीचे राहिलेले नसल्याने या मृत्युपत्रात त्याची वाटणी नाही. जाते ज्यांनी दिले त्यांचा तो अधिकार होता. खुंटा आईचा आहे आणि त्याबद्दल मला काही लिहिता येत नाही.

वरील मजकूर मी लिहिला, साक्षीदारांसमोर वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही: पुष्पावती सहादेव वाबळे

साक्षीदार:
१. गोरक्षनाथ रंगनाथ बाबर, राहणार मिरजगाव, तालुका कर्जत
२. आबासाहेब विठोबा काकडे, वकील, शेवगाव

मुक्काम पिंपळदरा, रविवार, दिनांक ११ फेब्रुवारी १९७३