शिळ्या भाजीचा शेफ

१७ नोव्हेंबर, सोमवार
आज शोध लागला. रात्रीच्या डब्यातली वांग्याची भाजी उरली होती, भाकरीपण. दोन्ही कुस्करलं, अंडी फोडली, तव्यावर टाकलं. झाकण. बस्स. सुजितनं बोटं चाटली. म्हणाला, भावा, तू प्रेसशॉपला पत्रे ठोकत काय मरतोस, तू हॉटेलात पाहिजेस. धम्मरत्ननं तवा पुसून खाल्ला. दोघं माझे रूम पार्टनर. खाण्यातलं दोघांना कळतं.
डबा गिरजाबाईंचा येतो. भाजी त्यांची, पण तो नुसता कच्चा माल. खरं काम माझं.
नववीत नापास झालो तेव्हा मास्तर म्हणाले होते, याचं डोकं भलतीकडंच असतं. कुठं ते आज कळलं. तव्यावर.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
चहाच्या सुट्टीत कंपनीच्या कँटीनचे ठेकेदार उद्धवराव भेटले. नाश्त्याचा आचारी गावाकडं गेला तो आलाच नाही म्हणे. मी म्हणालो, मी आहे ना. काय बनवतोस, विचारलं. सांगितलं नाही. फॉर्म्युला फुटायला नको. सरप्राइज म्हणालो. ते म्हणाले, बघू राव.
बघू म्हणजे हो. नाही म्हणायचं असतं तर 'नंतर बघू' म्हणाले असते.
सुटलो एकदाचा. दिवसभर पत्रा आत, पार्ट बाहेर, धाड धाड. सुट्टीच्या दिवशीपण कानात धाड धाड चालूच. फोनवर आई म्हणते, एवढा ओरडून का बोलतोस, मी काय बहिरी आहे? ती नाही. मी व्हायच्या आत कँटीन धरलं पाहिजे.
आईला सांगूनच टाकलं, कँटीनला लागलो. ती म्हणाली, इथं तर खरकटं ताट कधी उचललं नाहीस. तिला करिअर कळत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
कंपनीची सुट्टी. प्रॅक्टिसचा दिवस. पण डब्यात काहीच उरलं नव्हतं. सुजित झाकणाला लागलेलं पण सोडत नाही. असल्या लोकांमुळं देश मागं आहे.
मग स्वतः बटाट्याची भाजी केली, तिचं आम्लेट केलं. सुजितनं एक घास खाल्ला, पाणी मागितलं. परत पाणी मागितलं. मग म्हणाला, पोट भरलं.
चूक सापडली. भाजी ताजी होती. माझी कला शिळ्यावरच चालते.

२२ नोव्हेंबर, शनिवार
गिरजाबाईंकडं गेलो. म्हणालो, मावशी, रोज थोडी भाजी जास्त द्या, उरायला पाहिजे. त्या म्हणाल्या, उरायला? लोकं पुरंना म्हून भांडत्यात, आन् तुला उरायला पायजे व्हय रं? कारण सांगितलं. गळ्यातल्या माळेला हात लावून म्हणाल्या, माज्या भाजीत अंडं? फुडं बोलू नगंस. पण येताना कढईतलं खरडून थोडं दिलं. वरून, लई वाळलास, म्हणाल्या.
ते मी वाटेतच खाल्लं. चव लक्षात राहावी म्हणून.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
फिक्स! उद्धवराव म्हणाले, गुरुवारी कँटीन बंद असतं, सकाळी तुझ्या रूमवरच येतो, दाखव काय ते सरप्राइज. गुरुवार, वारपण चांगला.
सुपरवायझर दादासाहेबांच्या कानावर घातलं की माझ्या मशीनला दुसरा माणूस बघून ठेवा. ते म्हणाले, बरं शेफ, तोवर ते स्क्रॅप उचला. शेफ म्हणाले. नोंद करून ठेवतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळ
घात. आजच्यासाठी भाजी पिठाच्या डब्यामागं लपवली होती. सुजितनं शोधून खाल्ली. विचारलं तर म्हणतो, मला वाटलं विसरलास.
पण नशीब बघा. कोपऱ्यात ताटाखाली अख्खा डबा झाकलेला! मेथीची भाजी, लसूण घालून. भाकरीपण. रात्रभर कुणी हात लावला नाही म्हणजे उरलेलाच. भाजी तव्यावर टाकली. वास असा सुटला की शेजारची पोरं दारात आली. अंडी तयार. उद्धवराव जिना चढतायत.

२७ नोव्हेंबर. दुपार
झालं ते असं.
उद्धवरावांनी अंडी बघितली आणि उंबऱ्यातच थांबले. म्हणाले, अरे वेड्या, आज गुरुवार! त्यात मार्गशीर्षातला. अंड्याला शिवत नाही मी. आधी सांगायचं नाही का?
सरप्राइज आधी कसं सांगणार.
पण मेथीचा वास त्यांना जाऊ देईना. म्हणाले, अंडं घालू नको, नुसती ही दे. दिली. खाल्ली. परत मागितली. तवा रिकामा. म्हणाले, ही भाजी कुणाच्या हातची? मी म्हणालो, गरम मी केली.
तेवढ्यात नाइट शिफ्ट करून धम्मरत्न आला. ताट उचललं, खाली बघितलं, मग उद्धवरावांच्या प्लेटीकडं बघितलं. म्हणाला, साहेब, कसं आहे माझं जेवण?
या सोमवारपासून तो नाइटला आहे, त्याचा डबा झाकून ठेवायचं ठरलेलं. गडबडीत राहून गेलं. मी त्याला नुसती अंडी करून दिली. करपली. त्यानं माझ्याकडं बघत बघत ती सगळी खाल्ली. तो असं बघतो तेव्हा भीती वाटते.
उद्धवराव जाताना गिरजाबाईंचा पत्ता घेऊन गेले. म्हणजे कच्च्या मालाची सोय करतायत. माझं पक्कं.

१ डिसेंबर, सोमवार
कँटीनला गिरजाबाई लागल्या. नाश्ता, जेवण, सगळं. आज मेथी होती. कंपनीतली माणसं दोन-दोनदा रांगेत. मला बघून त्यांनी वाढायची पळी वर केली, म्हणाल्या, तुज्यामुळं झालं रं बाळा! आणि थोडी जास्त वाढली.
मी प्रेसवरच. तात्पुरता.
आईनं विचारलं, कँटीन कसं आहे. खरं सांगितलं. जेवण चांगलं आहे म्हणालो.

२ डिसेंबर, मंगळवार
गिरजाबाईंचा डबा बंद झाला. दोन्हीकडं जमत नाही म्हणे. सुजित आणि धम्मरत्न दारातच उभे होते. सुजितनं कढई माझ्या हातात दिली. म्हणाला, घे शेफ, तुझ्यामुळं डबा गेला, आता रोजचा स्वयंपाक तुझा. धम्मरत्न म्हणाला, आणि माझं ताट झाकून ठेव. त्यावर माझं नाव लिही, मोठ्या अक्षरात.
शेवटी आचारी झालोच. सुरुवात लहान जागेतूनच होते.
मेथीची भाजी केली. लसूण घालून, अगदी तशीच.
सगळी उरली.