निवडून न दिलेले पक्षी

प्रिय हानुस,

तुझं पत्र बुधवारच्या बोटीने मिळालं. टोर्शाव्हनच्या प्रयोगशाळेतून तू निवृत्त होतोयस, डेन्मार्कला मुलीकडे कायमचा राहायला जाणार आहेस आणि पुढच्या वर्षीपासून पक्ष्यांची पोटं न्यायला दुसरं कुणीतरी येईल, हे सगळं तू चार ओळींत उरकलंस. बाकी पानभर हवामान. मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. रागाच्या भरात मी इतके बटाटे सोलले की अजून तेच खातेय.

शनिवारी वारा पडला म्हणून होडी काढली. फुल्मार पक्ष्यांची पिल्लं कड्यावरून उतरून पाण्यावर बसली होती, आईबापांनी खाऊ घालून इतकी गुबगुबीत केलेली की उडायची सोय नाही. सुकाणू माझ्याकडे होतं आणि पुढे लांब दांड्याचं जाळं घेऊन माझा धाकटा दीर डान्याल. दोन पक्षी माझ्यामुळे हुकले. मागे वळूनही न बघता तो म्हणाला, "वहिनी, राग पक्ष्यांवर आहे की पोटंवाल्यावर?" गावात तुला काय म्हणतात ते तुला ठाऊकच आहे. मी त्याला जाळ्याकडे बघ म्हटलं. पण तो बोलला ते काही खोटं नव्हतं.

दुपारी पिसं काढायला बसलो, तेव्हा तुझ्या पहिल्या वर्षाची आठवण निघाली. ती दर वर्षी निघते. तू इस्त्रीचा शर्ट घालून आला होतास आणि आम्हाला समजावलंस, की हा पक्षी समुद्रावर तरंगेल ते गिळतो, तेव्हा याच्या पोटात जेवढं प्लास्टिक सापडेल त्यावरून समुद्रात किती आहे ते कळतं. आम्हाला एवढंच कळलं, की पाहुणा आलाय आणि त्याला पक्षी हवेत. आमच्याकडे पाहुण्यापुढे मरतुकडा पक्षी ठेवणारा पुन्हा तोंड दाखवत नाही. घराघरातून निवडक, लठ्ठ पक्षी आले. शेजारच्या बिलाने तर पोटं आतून स्वच्छ धुऊन, मीठ लावून दिली, वर विचारलं, आणखी काही हवं का.

दुसरा कुणी असता तर हसला असता, नाहीतर चिडला असता. तू कॉफी संपवलीस आणि म्हणालास, "मला चांगले नकोत. निवडू नका, धुऊ नका. हाती येईल तसा द्या, म्हणजे समुद्र खरं बोलेल." मग होडीत बसायचा हट्ट धरलास आणि एका पिल्लाने तुझ्या शर्टावर पोटातलं कुबट तेल ओकलं. तो शर्ट मी धुतला, उकळला, फटीफटींतून वारा खेळणाऱ्या खोलीत सुकत्या मटणाशेजारी टांगला. वास गेला नाही. तू त्याविना परत गेलास आणि मीही तो कधी पाठवला नाही.

डान्याल आधी म्हणायचा, ही घाण मोठ्या देशांची, आपला काय संबंध. तू माझ्या स्वयंपाकघरात पांढऱ्या बशीत एका पोटातलं सगळं मांडलंस. त्यात हिरवा धागा होता, आपल्याच जाळ्यांच्या रंगाचा. आपला की दुसऱ्या कुणाचा, हे सांगता येत नाही, असं तू प्रामाणिकपणे म्हणालास आणि रुबार्बच्या आंबट देठांचा माझा मुरंबा आणखी मागितलास. दुसऱ्या दिवशी डान्यालच्या होडीत एक बादली आली, जाळं दुरुस्त करताना कापलेले तुकडे टाकायला. आता प्रत्येक होडीत बादली असते आणि एखाद्याने तुकडा पाण्यात टाकला तर बिला त्याच्या सात पिढ्या काढते. भाषण देऊन हे झालं नसतं.

आता मुद्द्याचं लिहिते. पोटांच्या या वर्षीच्या पिशव्या मी बोटीने पाठवणार नाही. त्या माझ्या फ्रीजरमध्ये आहेत, तू स्वतः येऊन ने. आणि नेऊन झाल्या की परत ये. डेन्मार्कला जाऊ नकोस, माझ्याशी लग्न कर. हे तू कधी विचारणार नाहीस, पानभर हवामानच लिहीत बसशील, म्हणून मी विचारतेय. उगाच धुऊन, मीठ लावून काही देत नाही. माझा गुडघा धरतो, मी तापट आहे, हातांना पक्ष्यांच्या तेलाचा वास असतो आणि बर्गुरचा फोटो भिंतीवरून उतरणार नाही. नवरा होता तो माझा, चांगला होता. हाती आले तशी मी ही अशी आहे. शुक्रवारी डान्याल धक्क्यावर असेल. जादा शर्ट आणू नकोस. तुझा एक इथे आहे, आणि त्या वासाची मला आता सवय झालीये.

तुझीच, तू हो म्हणालास तर,
सोल्रुन