साडूचं लिनक्स आणि माझा कॅमेरा

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.
ठरलं. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं. नवी विंडोज त्याला पेलत नाही, हे खरं कारण. साडू विपुलने मागच्या महिन्यात स्वतःच्या डबड्यावर टाकलं आणि तेव्हापासून सासुरवाडीत त्याच्याच आरत्या चालल्यात, याचा काही संबंध नाही.
बारा तारखेला कॅनडात धीरजच्या, म्हणजे मेव्हण्याच्या, मुलीचं बारसं. आम्ही सगळे चिंचणीला सासऱ्यांच्या घरून बघणार. नाव मोठी आत्या ठेवणार. मोठी आत्या म्हणजे दीपाली, म्हणजे माझी बायको, म्हणजे लॅपटॉप माझा.
विपुलने फोनवर विचारलं, दादा, येऊ का मदतीला? म्हटलं, कोळगावहून बोईसरला कशाला तडमडतोस.

२ ऑक्टोबर. दसरा.
सकाळी लिनक्स चढलं. लगेच पूजा. कंपनीत आम्ही रिअ‍ॅक्टरलाही कुंकू लावतो, मग यानेच काय पाप केलंय? तेलात कालवलेलं कुंकू, स्क्रीनच्या वर, बरोबर मध्यभागी, जिथे त्याचं कपाळ येतं तिथे. चांगलं ठसठशीत. फोटो ग्रुपवर टाकला. विपुलने अंगठा दाखवला. नुसता अंगठा. जळतो.

३ ऑक्टोबर
वायफाय दिसेना. विपुलने (मला नाही, दीपालीला) सांगितलं, फोन केबलने जोडून अपडेट करा. मी तेच करणार होतो. झालं सुरू. दीपालीने आभार त्याचे मानले.

५ ऑक्टोबर, रविवार
कॅमेरा तपासला. काळोख. कडेला किंचित लालसर. म्हणजे ड्रायव्हरमध्ये रंगांची गडबड. विंडोजवर असं कधी झालं नव्हतं. इंटरनेटवर कुणा परदेशी गृहस्थाने दिलेल्या कमांड टाकल्या. कॅमेरा तसाच. आवाज गेला.

७ ऑक्टोबर
आवाज आणायला गेलो तर टचपॅड गेला. माउस लावला. जाणकार माणूस माउसच वापरतो. आवाजासाठी ब्लूटूथ स्पीकर.
अर्चनाने, म्हणजे विपुलच्या बायकोने, त्यांच्या लॅपटॉपवर काढलेला फोटो पाठवला. इतका स्वच्छ की विपुलच्या नाकावरचा तीळ दिसतो. दाखवण्यासारखा तीळ नाही.

९ ऑक्टोबर
दीपालीने आईची हिरवी साडी काढली. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच. बाळाचं नाव कुणाला सांगत नाही, मलाही नाही. आरशासमोर उभी राहून हळूच म्हणून बघते, मी गेलो की गप्प.
मग म्हणाली, "तुमाला जमत नाय तर तसं सांगा. विपुलराव काय परके हायत?"
परका नाही, हेच तर दुःख आहे.

११ ऑक्टोबर
ग्रुपवर कळवलं, तयारी पूर्ण. कॅमेरा अजून काळा आहे, पण पुन्हा इन्स्टॉल केलं की सुटेल. नाही सुटला तर कॅनडाचं नेट आहेच.

१२ ऑक्टोबर, रविवार. रात्री.
पुन्हा इन्स्टॉल केलं. नाही सुटला.
विपुल स्वतःचा लॅपटॉप घेऊन आलाच. आगाऊपणा. त्याची बॅग मी पलंगाखाली सरकवली.
कॉल लागला. पाळणा, धीरज, त्याची बायको, सगळे स्वच्छ दिसत होते. धीरज म्हणाला, ताई, तू कुठे आहेस? इकडे सगळं काळं-लाल दिसतंय. मी ड्रायव्हर समजावून सांगितला. नंतर कर्नेल. मग कॅनडाचं नेट. दीपाली आईच्या साडीत त्या काळोखासमोर बसून होती. बाळ रडायला लागलं.
सासरे विपुलला म्हणाले, तू तरी बघ बाबा.
विपुल म्हणाला, "बघायचं काय, दादांनी कॅमेऱ्यावरच कुंकू लावलंय. मला वाटलं, कॉलच्या आधी पुसतील. पूजेचं असतं, आपण कसा हात लावायचा?"
दीपालीने पदराने पुसलं.
पलीकडे एकदम गलका झाला. दिसली, दिसली. तिने स्क्रीनला ओठ लावल्यासारखं वाकून नाव सांगितलं. जयवंती. आईचंच. सासऱ्यांनी चष्मा काढला. दीपाली फार छान दिसत होती. विपुलकडे बघत नव्हती, बाळाकडे बघत होती. तेवढंच.
जेवताना मी सांगितलं, ड्रायव्हर मुळात चांगलाच आहे. कुणी ऐकलं नाही. विपुलला दुसऱ्यांदा बासुंदी वाढली.

१३ ऑक्टोबर
पदरावर तेलकट कुंकवाचा डाग. सासूबाईंची साडी. काळजीचं कारण नाही. इतकी वर्षं तारापूरच्या केमिकल कंपनीत काढली, डाग हा माझाच विषय. लॅबमधून काहीतरी आणतो म्हणून दीपालीला सांगितलं, साडीला कुणी हात लावायचा नाही.

संध्याकाळी ७
आणलं. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, वहिनी साडी घेऊन कोळगावला बहिणीकडे गेल्या.